ओली भुकटी

झिता सकाळपासून शेडमध्ये येरझाऱ्या घालत होती. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराच्या प्रदर्शनात तिची मडकी उद्या मांडायची होती आणि भट्टी अजून थंडच. मडक्यांवर फेरिक क्लोराइड हा लोखंडाचा क्षार फासून, वर फॉइल गुंडाळून ती भाजायची. त्याच्या धुरानेच मडक्यांवर नारिंगी ढग उमटायचे. आज बरणी उघडली, तर काळ्या कोरड्या भुकटीचा चिकट तपकिरी गाळ झालेला. त्यांच्या इनिसफेल गावची दमट हवा आत शिरली होती.

"झाकण उघडं कुणी टाकलं?"

"मीच असणार," धाकटी बहीण कार्मेला म्हणाली. "तुझ्याकडे काहीही बिघडलं की मीच असते ना!"

"टोमणे नकोत. वाळवते मी. पाणी उडालं की झालं."

"अगं, ते मीठ आहे का तापवायला? नवीन मागव."

"आणि तोवर प्रदर्शनवाले थांबतील, नाही?"

झिताने गाळ मातीच्या ताटलीत पसरून शेगडीवर ठेवला. वाफ निघू लागली, तशी तिला जरा हुशारी आली. पण ती नुसती वाफ नव्हती. नाकात सुया टोचल्यासारखा वास सुटला. ओलं क्लोराइड वाळत नव्हतं. तापल्यावर त्यातल्याच पाण्याने ते फुटत होतं आणि आम्लाचा वायू सोडत होतं. डोळे चुरचुरले, घसा आवळला. झिताने चाचपडत गॅस बंद केला आणि दोघी बाहेर पळाल्या.

"बार्तोलो!" कार्मेला किंचाळली. त्यांचा म्हातारा, बहिरा कुत्रा बाकाखाली झोपलेला होता.

"थांब, तुला दमा आहे!" झिता म्हणेपर्यंत ती तोंडाला ओला टॉवेल लावून आत शिरलीसुद्धा. झिताने मागचं शटर वर ढकललं. हाका मारून मारून तिचा आवाज बसला. अखेर कार्मेला कुत्र्याला पट्ट्याने ओढत बाहेर आली आणि गवतावर कोसळली.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. झिता बाकावर बसायची, उठायची, पुन्हा काचेतून डोकावायची. मध्येच तिने प्रदर्शनवाल्यांना फोन केला. "माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या."

संध्याकाळी कार्मेलाने डोळे उघडले. "वाळली का गं तुझी भुकटी?"

"गप्प बस," झिता म्हणाली आणि हुंदका आवरेना.

दोन दिवसांनी कार्मेला घरी आली. शेडमधल्या ताटलीत नुसता लाल गंज उरला होता. भिंतीवरच्या अवजारांवरही गंज चढू लागला होता. झिताने ताटली उचलायचीही तसदी घेतली नाही. रात्रभर ती मधूनमधून उठत राहिली, एकदा बहिणीचा, एकदा कुत्र्याचा श्वास ऐकायला.