फाटकावरची बंदूक

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, माझ्यातून गोळी सुटत नाही. कपाळासमोर धरून कळ दाबली की ताप सांगते, एवढंच. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर घरी. पण या साथीत माझ्यासमोर भल्याभल्यांची पाचावर धारण बसते.

माझी पहिली नोकरी दवाखान्याच्या दारात. तिथं इतक्यांदा लाल दिवा लागला की मला माझीच शिसारी आली. पुढे शाळा उघडली आणि शिपाईमामांनी मला फाटकावर आणलं. मास्क लावलेली मुलं खडूच्या गोलात उभी राहायची. कुणी ढकलत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. पोरांची रांग आणि इतकी गप्प! मला ते लक्षण बरं वाटलं नाही.

त्या रांगेत चौथीतली भिंगरी होती. वर्गभर फिरायची म्हणून बाईंनीच ते नाव ठेवलेलं. आता ती गोलातून पाऊल हलवत नसे. पहिल्याच दिवशी तिचा आकडा आला चौऱ्याण्णव.

"अगं, तू पोर आहेस की बर्फाची लादी?" मामा हसले. ती हसली नाही.

रोज तेच. चौथ्या दिवशी बाईंना तिच्या ओल्या बटा दिसल्या. फाटकाबाहेरच्या नळावर ती कपाळाला गार पाणी मारून येत होती. मला फसवत होती, मला! असा राग आला म्हणता! पण बाईंनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांना हिनंच लाल दाखवलं. मग गाडी आली. बाबा परत आलेच नाहीत. मी नाही उद्यापासून येणार."

ती मी होते की माझी एखादी बहीण, देव जाणे.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला तिच्याच हातात दिलं. "भीती मलाही वाटते गं. आता तूच मोज आमचा ताप. आधी माझा."

तिनं मला इतकं लांबून धरलं की दोनदा मला आकडाच सापडेना. मग हिरवा लागला. मग मामांचा हिरवा. मग तिनं गंमत म्हणून फाटकाच्या खांबावर मला धरलं. खांब थंडगार.

"याला सुट्टी देऊ नका हं बाई, मेला ढोंगी आहे," मामा म्हणाले आणि भिंगरी मास्कच्या आत खुदकन हसली. त्या दिवसापासून मामा रांग लावायचे आणि ती कळ दाबायची. सगळ्यांत आधी मामांवर.

असे तीन आठवडे गेले. मग एका सोमवारी मामांवर कळ दाबली आणि लाल दिवा लागला. एकशे एक.

"उन्हातून आलो ना, म्हणून," मामा म्हणाले. "पुन्हा बघ."

तिनं पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. मला खोटं बोलता आलं असतं तर त्या दिवशी बोलले असते, शपथ!

मामांनी नळाकडे पाहिलं. "जरा तोंड धुऊन येतो."

"नको मामा." भिंगरीचा आवाज चिरका झाला होता. "पाण्यानं ताप जात नाही. मला माहितीये. तुम्ही घरी जा. आणि परत या."

पण मामांना धाप लागली होती. बाईंनी गाडी बोलावली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत भिंगरी आपल्या गोलात उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या रिकाम्या खुर्चीवर पडून होते. घंटा व्हायला आली तरी तिचा पत्ता नाही. गेली पोर हातची, मला वाटलं. तेवढ्यात ती आली. नळापाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग तशीच पुढे आली, कोरड्या कपाळानं, आणि मला उचलून आधी स्वतःवरच धरलं.

आज बारावा दिवस. मामांचा फोन नाही. माझी बॅटरीही उतरत चाललीय. एकच मागणं आहे. पोरांना "काही होत नाही" असं सांगू नका. होतं, आणि त्यांना ते ठाऊक असतं. नुसते त्यांच्या शेजारी उभे राहा.

आणि ती खुर्ची कुणी हलवू नका. भिंगरी रोज पुसून ठेवते.