कॉर्बिट काउंटीची शिरगणती

सुहासिनी भाकरे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात एका नकाशे करणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. नागपूरला बावीस वर्षं जमिनीच्या नकाशांवर डोळे झिजवून, पन्नाशी जवळ आल्यावर ती वर्क व्हिसावर इथे आली. जानेवारीत तिच्या वाट्याला अमेरिकेतली कॉर्बिट काउंटी आली. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखीच, फक्त माणसं वजा केलेली. मिल्टन कीन्सच्या पंधरापट जमीन, गवताळ टेकड्या, मधून वाहणारी एक नदी, एकच म्हणावं असं गाव आणि वस्ती सहाशे त्र्याऐंशी. सुहासिनीच्या ऑफिसच्या इमारतीत त्याहून जास्त लोक बसायचे.

काम सरळ होतं. काउंटीकडे दोन ॲम्ब्युलन्स होत्या आणि दोन्ही त्या एका गावात उभ्या असायच्या. तिथून प्रत्येक घरी पोहोचायला किती वेळ लागतो, ते काढून द्यायचं. घरांची यादी काउंटीने पाठवली होती. नदीपलीकडच्या ईशान्य कोपऱ्यात त्या यादीत एकही घर नव्हतं.

नागपूरकडे अशा गावाला बेचिराग म्हणतात. कागदावर गाव असतं, पण दिवा लावायला कुणी नसतं. सुहासिनीने अशी बेचिराग गावं पुष्कळ पाहिली होती. त्यातल्या एका गावात तर एक गुराखी बायकापोरांसह सहा वर्षं राहत असल्याचं तिच्या डोळ्यांदेखत उघडकीला आलं होतं. त्यामुळे कोरी जागा दिसली की ती फोटो उघडून बघायची. तिने डिसेंबरमधला उपग्रहाचा फोटो उघडला. सगळीकडे बर्फ, आणि त्या बर्फात एक छप्पर. छपरापासून रस्त्यापर्यंतची वाट स्वच्छ खरवडलेली होती.

तिने तो रस्ता पुढे नदीपर्यंत पाहिला. नकाशात तिथे पूल होता. फोटोत पुलाचा मधला भाग नव्हता.

तिने प्रणवला बोलावलं. प्रणव तिचा मॅनेजर, पुण्याचा, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान.

"ताई, यादी क्लायंटची आहे," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "त्यांनी साइन ऑफ केलीय. शुक्रवारी आपली डिलिव्हरी आहे. तुम्ही रिपोर्टमध्ये नोट टाका ना."

"नोट चाळिसाव्या पानावर जाते, प्रणव. चाळिसावं पान कोण वाचतं?"

"मग काय करायचं म्हणता?"

"एक फोन करू दे. एकच."

प्रणवने मान डोलावली, पण तो खूश नव्हता.

दुपारी तीनला तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. काउंटीच्या कचेरीत लोरेन नावाच्या बाईंनी फोन उचलला. साठी उलटलेल्या, बोलायला ऐसपैस. यादी त्यांनीच केली होती.

"ते हिल्गरांचं घर," त्या म्हणाल्या. "रिकामं आहे. नवराबायको आठ वर्षांपूर्वी मुलीकडे गेले. पुढे बायको वारली असं ऐकलं."

"वाटेवरचा बर्फ काढलाय कुणीतरी," सुहासिनी म्हणाली.

"पूल पुरात गेल्यापासून आमचं कुणी तिकडे गेलेलं नाही," लोरेन म्हणाल्या. "शेजारच्या काउंटीतून वळसा घालायचा तर सत्तर मैल पडतात. उद्या मी स्वतः जाऊन बघते."

आणि त्या खरंच गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. वॉल्टर हिल्गर बायको गेल्यावर एकटाच परत आला होता. त्याला तीन वर्षं झाली होती. टपाल, किराणा, डॉक्टर, सगळं तो शेजारच्या काउंटीत करायचा, म्हणून इकडे कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. वय एक्याऐंशी.

"पण त्याला यादीत यायचं नाहीये," लोरेन म्हणाल्या. "मला म्हणाला, मी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही, ते तसंच राहू दे. तुम्ही बोलून बघता का? माझं तो ऐकणार नाही. आमच्यात कुंपणावरून जुनं भांडण आहे."

एकच फोन म्हणून सुरू झालेलं प्रकरण तिसऱ्यावर गेलं होतं. सुहासिनीने प्रणवला विचारलं नाही. तिने नंबर फिरवला.

"कुठून बोलताय?" वॉल्टरने विचारलं. आवाज खरखरीत, पण रागीट नव्हता.

"इंग्लंडहून."

"इंग्लंडमध्ये बसून माझं घर बघता?"

"डिसेंबरचा फोटो आहे. घराचं छप्पर दिसतं, वाट दिसते. तुम्ही दिसत नाही."

"बरं आहे. हे बघा बाई, बायको गेली तेव्हा मुलीच्या शहरात रोज कुणीतरी जेवण घेऊन दारात उभं. वर्षभर. माणसं चांगली होती. पण मला तिच्याबद्दल एकट्याने विचार करायला जागा मिळेना. इथे मिळते."

सुहासिनीचे वडील गेले तेव्हा घर तेरा दिवस माणसांनी भरलेलं होतं, आणि तिला स्वयंपाकघरातल्या कोठीत जाऊन रडावं लागलं होतं. हे तिने त्याला सांगितलं नाही.

"तुमच्याकडे कुणी येऊ नये, हे मला समजलं," ती म्हणाली. "पण तुम्ही स्वतः फोन करून कुणाला बोलावलंत तर? कॉर्बिटची ॲम्ब्युलन्स नकाशा बघून निघेल, आणि नदीपर्यंत येऊन पलीकडे उभी राहील. तुम्हाला ती खिडकीतून दिसेल."

"पूल तुटलाय ते त्यांना माहीत नाही?" वॉल्टरने विचारलं.

"गावाला माहीत आहे. नकाशाला नाही."

"मग पूल खोडा आधी."

"खोडते. आणि घर दाखवू? नाव लिहीत नाही. नुसता एक ठिपका."

"नुसता ठिपका," तो म्हणाला. "ठीक."

डिलिव्हरी शुक्रवारची सोमवारवर गेली. प्रणवला क्लायंटची माफी मागावी लागली आणि दोन दिवस तो सुहासिनीशी कामापुरतंच बोलला. हिशेब मात्र चोख निघाला. कॉर्बिटच्या ॲम्ब्युलन्सला वळशाने दीड तास लागत होता, शेजारच्या काउंटीच्या गाडीला चाळीस मिनिटं. त्या कोपऱ्यात शेजारच्यांचीच गाडी जाईल, असा करार मार्चमध्ये दोन्ही काउंट्यांनी केला. लोरेन तर इरेलाच पेटल्या. दर शनिवारी गाडी काढून त्यांनी उरलेली यादी तपासली. कुणी न नोंदलेली आणखी दोन घरं सापडली, पण यादीतली सात घरं रिकामी निघाली. सगळी बेरीज-वजाबाकी होऊन काउंटीची वस्ती सहाशे त्र्याऐंशीवरून सहाशे सत्तरवर आली. वरिष्ठांना ते आवडलं नाही, पण लोरेननी आकडा बदलला नाही.

सप्टेंबरमध्ये वॉल्टर धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून पडला. खुबा मोडला. सरपटत घरात जाऊन त्याने फोन केला. शेजारची गाडी त्रेचाळीस मिनिटांत आली. लोरेननी हे सुहासिनीला ईमेलवर कळवलं. शेवटी लिहिलं होतं की तो हॉस्पिटलमध्ये सगळ्यांवर खेकसतोय, म्हणजे बरा आहे.

सुहासिनीने तो ईमेल प्रणवला वाचून दाखवला. त्याने ऐकून घेतलं, मग उठून तिच्यासाठीही चहा करून आणला. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

वॉल्टर नोव्हेंबरात वॉकर घेऊन घरी परतला. लोरेन आता महिन्यातून एकदा त्याच्याकडे जातात. अर्धा तास बसतात, कुंपणाचा विषय काढत नाहीत.

त्याच महिन्यात सुहासिनीला दुसरी काउंटी मिळाली, कॉर्बिटहूनही मोठी आणि ओसाड. यादी तपासायला एक आठवडा जास्त लागेल, असं तिने पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. प्रणवने काही न विचारता तो आठवडा वेळापत्रकात धरला.