मागच्या फळीची धास्ती

मी एक जुनी फळी आहे. बैलबंडीच्या अगदी मागच्या टोकाला ठोकलेली, सागाची, मधोमध गाठ असलेली. मित्रांनो, फळीला कसले आले आहे चरित्र, असे तुम्हाला वाटेल. चाकांना विचारा, ती तुम्हाला सगळ्या गावांची नावे फिरवून फिरवून सांगतील. पण ज्या गोष्टीच्या आठवणीने माझे खिळे अजूनही सैल होतात, ती गोष्ट फक्त मी पाहिली आहे. कारण अख्ख्या बंडीत मागे तोंड करून बसलेली मी एकटीच.

धनजच्या एका सुताराने मला तासून तयार केले. तो मला पुढे लावणार होता, पण रंधा मारता मारता माझ्या पोटातली गाठ उघडी पडली. दिसायला बरी नाही, असे म्हणून त्याने मला मागे टाकले. मला फार वाईट वाटले. जुवाला पोळ्याच्या दिवशी हळदकुंकू मिळे, शिवाय रंगीत गोंडे मिळत. माझ्या वाट्याला धूळ आणि बसणाऱ्यांच्या टाचा. जुवाचा तोरा तर विचारूच नका. भुईला पाठ टेकवायची नाही असा त्याचा मानच होता! बंडी सोडली की बापूराव जू टेकूवर ठेवायचे. ते जमिनीवर पडले तर घराला बरे नाही, असे त्यांच्या घरात मानत असत.

बापूराव हे माझे धनी. इंझोरीचे माळी. कारंज्याच्या रस्त्याला लागून त्यांचा मळा होता. वांगी, कांदा, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असे सगळे त्या मळ्यात पिकायचे. मळ्याला पाणी विहिरीचे, आणि ते वर काढायचे मोटेने. मोट ओढायला दोन बैल होते, लाल्या आणि चितऱ्या. हेच दोघे बाजाराच्या दिवशी बंडीला जुंपले जात. बापूराव पुढे बसत आणि त्यांची बायको कस्तुराबाई टोपल्यांच्या गर्दीत, मला पाठ टेकून. तिच्या पाठीची ऊब मला फार आवडत असे.

पुढे काय येणार हे बैलांना दिसे, मला मात्र मागे काय राहिले तेवढेच दिसे. सुरुवातीला त्यात मजा वाटली. मग रस्त्याने मोटारी येऊ लागल्या.

मी जातीची भित्री. कुणी हसा किंवा काही करा. मालमोटारीचा भोंगा लांबून ऐकू आला तरी माझ्या अंगात कंप सुटायचा. आधी धुळीचा लोट दिसे, मग त्या लोटात दोन काचेचे डोळे, मग दातांसारख्या जाळ्या. काही चालक तर अगदी माझ्या नाकाला नाक लावून मोटार हाकत आणि भोंगा दाबून धरत. बापूराव बंडी कडेला घेईपर्यंत मी श्वास धरून असे. ‘आज नाही, आज नाही,’ एवढेच मी मनात म्हणायची. मोटार निघून गेली की जू मला हसायचे. त्याने मोटार समोरून येताना पाहिली होती. अंगावर येताना कधीच पाहिली नव्हती.

सन छप्पनचा चैत्र. ऊन मी म्हणत होते. बाजाराचा दिवस असल्यामुळे रस्त्यावर बंड्यांची रांगच लागली होती. वाटेत एक नाला आहे. त्यावर दगडांचा सपाट रपटा, म्हणजे बुटका पूल, अलीकडे उतार आणि पलीकडे चढ. पुढे चढावर मेंढरांचा कळप आडवा आला आणि सगळ्या बंड्या जागच्या जागी थांबल्या. आमची बंडी रांगेत शेवटची. ती चढाला लागलीच नव्हती, सपाट रपट्यावरच उभी होती. हे नीट लक्षात ठेवा, पुढे सगळे याच्यावरच अडले.

आणि मग मला ती दिसली. हिरव्या तोंडाची, कापसाने लादलेली मालमोटार अलीकडच्या उतारावरून येत होती. भोंगा एकसारखा वाजत होता. चालक दोन्ही हातांनी चक्र धरून उभा राहिल्यासारखा पाय दाबत होता, आणि मोटार काही थांबत नव्हती. मित्रांनो, मला सगळे दिसत होते. कस्तुराबाई मला टेकून बापूरावांशी मेथीच्या जुड्यांवरून बोलत होती. मला ओरडता आले असते तर! फळीला तोंड नसते. मी नुसती पाहत राहिले. पुढे फार भयंकर आवाज झाला.

मी मधोमध तडकले. मोटारीचा एक दिवा माझ्यावर फुटला आणि त्याच्या काचेचा तुकडा माझ्या तड्यात रुतून बसला. धक्क्याने बंडी बैलांवर गेली. कस्तुराबाई टोपल्यांसकट खाली फेकली गेली, पण भाजीवर पडली म्हणून खरचटण्यावर निभावले. चितऱ्या मात्र पुढच्या गुडघ्यावर बसला तो उठेना. त्याच्या खांद्याचे हाड सरकले होते. आणि जुवाने पहिल्यांदाच भुईला पाठ लावली.

मोटारीतून चालक उतरला. उंच, किडकिडीत, डोक्याला लाल फेटा. नाव गुलाबसिंग, जवळच्याच बंजारा तांड्यावरचा.

“बापूभाऊ, म्या मुद्दाम नाई केलं. बिरेक लागलाच नाई. शेठले किती येळा सांगतलं, दुरुस्त करा म्हून.”

“तुया शेठ भरून देईन का मायी बंडी? माया बैल?” बापूराव म्हणाले.

गुलाबसिंग खाली पाहत म्हणाला, “गाडीचा इमा सरला हाय. शेठनं नवा काढलाच नाई.”

विमा म्हणजे काय हे बापूरावांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. पण तो माणूस हा शब्द ज्या सुरात बोलला त्यावरून मला कळले की ही काहीतरी मोठी खोट आहे.

इतक्यात कस्तुराबाईचे लक्ष तिकडे गेले. कोपरातून रक्त येत होते, तरी ती ओरडली, “अवो, जू भुईवर पडलं! पयले ते उचला!”

झाले. रांगेतली माणसे धावली. त्यांनी जू उचलले, बंडी रेटत चढावर नेली आणि कडुनिंबाखाली टेकू देऊन उभी केली. बायांनी कडुनिंबाचे डहाळे तोडून रपट्यावरची काच झाडली आणि नाल्यात लोटून दिली, मागून येणाऱ्या बैलांच्या पायांत जाऊ नये म्हणून. किती मायेची माणसे ती! एकालाही वाटले नाही की आपण काही चुकतो आहोत.

पोलीस ठाण्याचे जमादार आले तेव्हा दुपार कलली होती. मोटारमालकाचा मुनीमही आला होता, स्वच्छ धोतर आणि हातात छत्री. त्याने गुलाबसिंगला बाजूला नेऊन काहीतरी सांगितले. मग तो जमादारांना म्हणाला, “आमची मोटार रपट्यावर उभीच होती, साहेब. बंडीच चढावरून सरकत मागे आली आणि मोटारीवर आदळली.”

बापूरावांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. “साहेब, आमची बंडी तं रपट्यावर होती! हा लबाड बोलून राह्यला!”

“मग आता चढावर कशी काय?” जमादारांनी विचारले.

“जू भुईवर पडलं होतं, म्हून...”

“आणि काच कुठे आहे? दिवा फुटला तिथे काच पाहिजे ना.”

कस्तुराबाई हळूच म्हणाली, “म्या झाडली. बैलाच्या पायात जाईन म्हून.”

जमादारांनी कपाळाला हात लावला. मग ते गुलाबसिंगकडे वळले. “तू सांग. काय झालं?”

गुलाबसिंगने मुनिमाकडे पाहिले. मग माझ्याकडे. “बंडी सरकली, साहेब,” तो म्हणाला. त्याचा आवाज मला ऐकूदेखील आला नसता, पण मी अगदी जवळ होते.

मी सगळे पाहिले होते. सगळ्या जगात एकच साक्षीदार, आणि तोही लाकडाचा!

जाताना जमादार बापूरावांना समजावत म्हणाले, “मोटारीला विमा काढावा लागतो, कायदाच आहे तो. विमा असता तर दुसऱ्याच्या नुकसानीचं विमा कंपनीनं पाहिलं असतं. यानं काढला नाही, त्याबद्दल मी त्याच्यावर खटला भरतो. पण तुझी भरपाई मालकाकडून कोर्टात मागावी लागेल, आणि तिथे तो म्हणणार बंडीच मागे आली. तुझ्याकडून साक्ष देणारं आहे का कुणी?”

“पुढचे समदे पुढं तोंड करून होते, साहेब. मागं कोन पाह्यते?”

“मग कठीण आहे. आणि कोर्टाला वेळ लागतो, बाबा.”

पण मळ्याला वेळ कुठे होता? चैत्राचे ऊन. मोट बंद. चितऱ्या गोठ्यात पडून, आणि एकटा लाल्या मोट ओढेल कशी? त्यात मोटारीचा आवाज आला की लाल्या थरथरत दाव्याला हिसके देई. मेथी पहिल्यांदा गेली. मग सांबार. वांग्यांनी माना टाकल्या. कस्तुराबाई आणि बापूराव सकाळपासून दोराने घागरी ओढून एकेका वाफ्याला पाणी घालत, पण तेवढ्याने काय होणार? वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक सुकलेले असे. कांदा गेला तर वर्ष गेले, असे बापूराव एकदा म्हणाले आणि पुन्हा दोर ओढू लागले.

मोडकी बंडी मळ्याच्या कुंपणाशी उभी करून ठेवली होती. माझे नशीब पाहा, तोंड नेमके रस्त्याकडे! ती हिरवी मोटार, एका दिव्याची, रोज माझ्यासमोरून जायची. भोंगा ऐकला की माझा तडा आणखी फाकतो आहे असे वाटे. दिवसागणिक ती मळ्यापाशी हळू होऊ लागली. का हळू होते? काय पाहते? उरलेसुरले मोडायला येणार आहे का? मला काही सुचत नसे.

आणि एके दिवशी ती थांबली. अगदी माझ्यासमोर. यंत्र धडधडत होते. गुलाबसिंग उतरला आणि सरळ माझ्याकडे आला. आता संपले सगळे, असे मला वाटले. त्याने हात पुढे केला आणि माझ्या तड्यावर ठेवला. मित्रांनो, मग त्याने वळून स्वतःच्याच मोटारीकडे धास्तीने पाहिले. हुबेहूब माझ्यासारखे. तोवर मला वाटायचे, भीती फक्त मोटारीच्या पुढे असणाऱ्यालाच असते.

कस्तुराबाई घागर घेऊन आली आणि त्याला पाहून थबकली. “आता काहून आला?”

“वयनी, रोज पाह्यतो मी तुमाले पानी वाहताना. घास गिळत नाई.” तो घुटमळला. “खरं बोललो तं नोकरी जाईन. लायसन बी जाईन. लेकरं हायेत मले. लय भेव वाटते.”

कस्तुराबाईने घागर खाली ठेवली. “भेव आमाले बी वाटते, दादा. त्या दिसापासून मी बंडीत बसली नाई.” एवढे बोलून तिने घागर पुन्हा उचलली आणि ती वाफ्याकडे गेली.

गुलाबसिंग मोटारीत बसला, आणि मोटार मळ्यापुढूनच उलटी वळवून ठाण्याच्या दिशेने घेऊन गेला.

त्याने जमादारांपुढे सगळे खरे सांगितले. आपण आधी खोटे बोललो हेही सांगितले. मालकाने त्याला त्याच दिवशी काढून टाकले. हे आम्हाला कळले ते दोन दिवसांनी, सकाळी तो पायी आला तेव्हा. बरोबर त्याची बायको रामीबाई होती, आणि तिच्या हातात एका धिप्पाड पांढऱ्या बैलाचे दावे.

“आमच्या तांड्यातला हाय,” रामीबाई म्हणाली. “पावसाचं पानी येईस्तोवर ठेवा. कांदा निघू द्या.”

बापूरावांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला लाल्याशेजारी उभा केला. पण गंमत अशी की तो बैल बापूरावांच्या हाकेला हलेचना! त्याला तांड्याची बोली कळायची. शेवटी रामीबाईच विहिरीशी उभी राहिली आणि आपल्या बोलीत तिने एक लांब हाक दिली. दोघे बैल चालू लागले. मोट वर आली, पाटात पाणी पडले. कस्तुराबाई पाटाच्या कडेला बसून पदर डोळ्यांना लावून रडली.

मेथी गेली, वांगी अर्धी गेली. कांदा वाचला.

बाकीचे सांगण्यासारखे थोडे आहे. खटल्याच्या तारखा पडत राहिल्या. चितऱ्या लंगडत का होईना, उठला, पण पुन्हा मान जुवाखाली घालू शकला नाही. बापूरावांनी त्याला विकले नाही. मोडक्या बंडीची नवी बंडी झाली तेव्हा सुतार म्हणाला, ही तडकलेली फळी चुलीत घाला. कस्तुराबाईने ऐकले नाही. “आमच्यात इनंच तेवढं पाह्यलं,” ती म्हणाली, आणि मला पुन्हा मागेच ठोकायला लावले. माझ्या तड्यातला काचेचा तुकडाही तिने काढू दिला नाही. त्या दिवशी झाडायची राहिलेली तेवढी एकच काच.

ती हिरवी मोटार अजून त्याच रस्त्याने धावते, मित्रांनो. आता तिच्यावर दुसराच चालक आहे. तिचा विमा निघाला की नाही, ब्रेक दुरुस्त झाला की नाही, मला ठाऊक नाही. बाजाराच्या दिवशी रपटा आला की मी उताराकडे बघत राहते. कस्तुराबाई आता मला टेकून बसत नाही. तीही माझ्यासारखीच मागे तोंड करून बसते.

तुम्ही उद्या मोठे व्हाल, हातात मोटारीचे चक्र धराल. त्याआधी ब्रेक पाहा, विमा काढा, आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. धुळीत काही चमकताना दिसले तर ती माझ्यातली काच आहे असे समजा. मी तुम्हाला बघत असेन. मला बाजूला होता येत नाही, ओरडता येत नाही. थांबता फक्त तुम्हालाच येते.