चाळीस मिनिटं

“‘ठरलेली दुरुस्ती’? हे कुणाचं डोकं?” फिटरने यंत्र बंद पडल्याच्या नोंदीचा कागद देखभालीच्या साहेबांसमोर आपटला. “माझ्या मेहुण्याचा हात पट्ट्यात अडकला होता, साहेब. तो काय ठरवून घातला होता?”

साहेबांनी केबिनचं दार लोटलं. “हळू बोला. बिघाड दाखवला तर आकडा अठ्ठ्याण्णवच्या खाली जातो. वर काय तोंड दाखवू?”

आकडा म्हणजे यंत्रं महिन्यात किती वेळ न बिघडता चालली, त्याची टक्केवारी. महिन्याच्या सुरुवातीला ठरवलेली दुरुस्ती त्यात धरत नसत; मध्येच यंत्र थांबवलं की तो बिघाड. दोन वर्षांपूर्वी हे मोजमाप सुरू झालं तेव्हा सगळ्यात खूश फिटरच झाला होता. कुठलं यंत्र किती वेळा मान टाकतं ते कागदावर आलं, तीन जुने पंप बदलून मिळाले, बिघाड निम्म्यावर आले. मग आकडा फाटकावरच्या फळ्यावर चढला आणि सगळ्यांच्या डोक्यातही. यंत्र दुरुस्तीला थांबवायचं म्हटलं की साहेबांच्या कपाळावर आठ्या चढू लागल्या. पट्ट्याचं बेअरिंग खराब झालं होतं, पट्टा एका अंगाला सरकत होता. फिटरने तीनदा लेखी मागितलं, दोन तास द्या. तिन्ही वेळा उत्तर एकच, महिनाअखेरीनंतर बघू. मेहुणा मग चालत्या यंत्रावरच पट्टा हाताने सारखा करायचा. फिटरने ते दोनदा पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्याला साहेबांची चीड आली होती, पण त्याहून जास्त स्वतःची.

“सही करा,” साहेब म्हणाले. “उपचार कंपनी करतेच आहे. उगीच फाटे फोडू नका.”

“फाटे? चार बोटं गेली त्याची! आणि तुमचा आकडा मात्र शाबूत!”

त्याने साहेबांचंच पेन उचललं, ‘ठरलेली दुरुस्ती’वर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘बिघाड. तीनदा कळवूनही दुरुस्ती नाही. माणसाचा हात अडकला. यंत्र बंद चाळीस मिनिटं.’ मग सही ठोकली.

“याचे परिणाम कळतायत ना तुम्हाला?”

“कळतायत. उशिरा कळले, एवढंच.”

संध्याकाळी तो तसाच कामाच्या कपड्यांत दवाखान्यात गेला. मेहुण्याचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. त्याची बहीण, म्हणजे फिटरची बायको, पाण्याचा पेला घेऊन उशाशी बसली होती.

“भाऊजी,” मेहुण्याने हळूच विचारलं, “माझ्यामुळे आकडा गेला का हो?”

फिटरला वाटलं, याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी.

“गेला,” तो म्हणाला.

मेहुण्याचा चेहरा पडला. “अरेरे. मी जरा जपून हात घालायला हवा होता.”

फिटरने बायकोच्या हातातला पेला घेतला आणि मेहुण्याच्या ओठांना लावला.