तत्त्वतः मंजूर

घर घ्यायचं असं तिने जाहीर केलं तेव्हा मोठे दीर हसले. मोठ्याने नाही. लहान मुलाने मी विमान चालवणार म्हटल्यावर हसतात, तसे.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. लग्नापासून दोघं मोठ्या दिरांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहत होते, आणि दर महिन्याला रीतसर भाडं देत होते. पाहुण्यांसमोर मात्र दीर म्हणायचे, "भावाला मी वर ठेवलंय." ठेवलंय, म्हणजे एखादं जुनं कपाट ठेवावं तसं. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून तीही म्हणायची. त्यांचं फरशांचं दुकान होतं, आणि फरशा विकता विकता घर या विषयातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांचं स्वतःचं घर त्यांच्या सासऱ्यांनी घेऊन दिलेलं होतं. हे सगळ्या नात्यात माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं.

तिने आधी नीट चौकशी केली होती. घर बघत हिंडण्याआधी बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घ्यायची असते. तुमचा पगार, तुमचे खर्च बघून बँक लिहून देते की साधारण एवढं कर्ज तुम्हाला मिळू शकेल. खरी मंजुरी पुढे, घर ठरल्यावर. पण तो कागद हातात असला की घर विकणारा तुम्हाला दारातून परत पाठवत नाही.

"मी येतो बँकेत," दादा म्हणाले. "तुम्हा दोघांना तिथे कुणीही गुंडाळेल."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, येऊ दे ना, त्याला अनुभव आहे. जगातली कुठलीही नदी उगमापासून समुद्रापर्यंत फळ्यावर न बघता काढणारा हा माणूस भावापुढे आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

बँकेतल्या बाईंना सर्दी झालेली होती. दर दोन वाक्यांनी त्या नाक पुसत आणि पुन्हा टाइप करू लागत. खुर्च्या दोनच होत्या. त्यातली एक दादांनी घेतली, दुसरी नवऱ्याने, आणि ती उभी राहिली. नवरा अर्धवट उठला होता, पण दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. मग शिपायाने कुठूनतरी एक स्टूल आणून दिलं.

बाई प्रश्न तिला आणि नवऱ्याला विचारत होत्या, उत्तरं दादा देत होते. ती किती वर्षं नोकरी करते ते त्यांनी चुकीचं सांगितलं. तिने दुरुस्त केलं. तिच्या कामाचं ते "चष्मे विकते" म्हणाले. तिने तेही दुरुस्त केलं. बाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे गेल्या.

"सरांची नोकरी कायम आहे ना?"

"कायम आहे हो," दादा म्हणाले, "पण हा सोडायच्या विचारात आहे. स्वतःचे क्लास काढणार आहे."

बाईंची बोटं थांबली.

क्लासचं बोलणं कधीकाळी झालं होतं. शाळेच्या मुख्याध्यापकांशी वाजलं तेव्हा रागाच्या भरात नवरा बोलून गेला होता आणि महिनाभरात विसरलाही होता. दादा विसरले नव्हते. ती घाईने म्हणाली की असं काही नाही, ती जुनी गोष्ट आहे. बाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या की हे सरांनी स्वतः सांगितलं तर बरं.

तिघंही नवऱ्याकडे बघू लागली. तो टेबलावरच्या पेनांकडे बघत होता. नुसतं "नाही" म्हणायचं होतं.

"म्हणजे... विचार होता एकदा," तो म्हणाला.

बाईंनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की तुमचं नक्की ठरलं की या. फाइल मिटली. बाहेर आल्यावर दादांनी दोघांना चहा पाजला, आणि चहाचे पैसे देताना म्हणाले की बरं झालं, कर्जाच्या फासातून वाचलात. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा खुलला होता.

त्यांनी असं का केलं हे कळायला फार दिवस लागले नाहीत. जाऊबाई भाजी निवडताना सहज बोलून गेल्या. वरच्या खोल्यांचा जिना त्यांच्या स्वयंपाकघरातून जात होता. परका भाडेकरू तिथून ये-जा करणार नाही, आणि केली तर जाऊबाईंना चालणार नाही. "तुम्ही गेलात तर वरचं तसंच पडून राहील गं," त्या म्हणाल्या, "आणि गाडीचे हप्ते ह्यांनी तुमच्या भाड्यावरच धरलेत."

तर एवढंच होतं. दादांच्या अनुभवाच्या, मायेच्या, खांद्यावरच्या त्या जड हाताच्या मुळाशी एक जिना आणि एक गाडी होती. तिला राग यायला हवा होता. पण राग यायलाही समोरचा माणूस थोडा मोठा लागतो. तिला नुसती किळस आली, ओल्या भिंतीला हात लागल्यावर येते तशी.

नवऱ्यावर मात्र ती चिडली.

"तुला शाळा सोडायचीय?"

"नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"दादासमोर त्याला खोटं कसं पाडणार?"

"मला पाडलंस की."

 तो उठून खिडकी लावू लागला.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती दुसऱ्या बँकेत गेली, एकटी. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने तिच्या मागे दाराकडे पाहिलं आणि मिस्टर येतायत का म्हणून विचारलं. ती म्हणाली, मिस्टर शाळेत आहेत, कर्ज मी घेतेय. त्याने भुवया उंचावल्या, पण तिच्या पगाराचे कागद बघून त्या आपोआप खाली आल्या. अर्ज तिच्या एकटीच्या नावाने झाला. दोघांच्या पगारावर जे मिळालं असतं त्याच्या जेमतेम निम्म्यावर मंजुरी आली. तत्त्वतः. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे कुठल्याही प्रकारचं वचन नाही. वचन द्यायचं नाही पण दिल्यासारखं दिसायचं, ही रीत तिच्या चांगल्याच परिचयाची झाली होती.

दादांनी तो कागद लांब धरून वाचला. चष्मा लागला होता, पण तिच्याकडून डोळे तपासून घ्यायला ते तयार नव्हते.

"तत्त्वतः म्हणजे माहितेय ना? हवा," ते म्हणाले. "एवढ्यात कबुतराचं खुराडं येईल." मग भावाकडे वळले. "तू समजाव हिला."

नवऱ्याने काही समजावलं नाही. तिची बाजूही घेतली नाही. वर आल्यावर त्याने कपडे बदलले, मुलांच्या वह्या पुढे घेतल्या, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "माझं नाव नाही घातलंस?"

"तू तत्त्वतः माझ्या बाजूचा आहेस," ती म्हणाली. "मला खरोखरचा हवा होतास."

त्याने लाल पेन बंद केलं. रडेल की काय असं तिला वाटलं, आणि रडला तर आपल्याला दया येणार नाही हेही कळलं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

घर मिळालं ते एका लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. दिवसभर वाफेचा वास. विकणारे गृहस्थ आधी फोनवर फाडकन बोलले होते, भेटीला गेल्यावर दारातच उभं ठेवलं होतं. मंजुरीचा कागद पाहिल्यावर आतून खुर्ची आली, पाणी आलं, आणि ते तिला मॅडम म्हणू लागले. ती बसली नाही. स्वयंपाकघरातला नळ उघडून पाहिला, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या आणि भाव पाडून मागितला. मिळाला.

खरी मंजुरी आली त्या संध्याकाळी नवरा खाली गेला. भावाशी काय बोलला ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. वर आला तेव्हा त्याचे कान लाल झालेले होते. कपाटावरचे नकाशे काढून तो गुंडाळू लागला. दोरी सापडेना, तेव्हा तिने आपली एक जुनी ओढणी फाडून दिली.

वर्षभराने नात्यातल्या एका लग्नात जेवणाच्या टेबलावर दादा रंगात येऊन सांगत होते की हल्लीच्या मुलांना बँकेत कोण उभं करतं, या दोघांचं घर मी करून दिलं, मी स्वतः गेलो होतो. चारपाच माणसं कौतुकाने मान डोलावत होती. ती जेवत राहिली. त्या माणसासाठी घास थांबवावा असं तिला वाटलं नाही.

"दादा, तू आला होतास तिथे नाही मिळालं," नवरा म्हणाला. आवाज चिरकला. "हिने दुसरीकडून आणलं. एकटीने."

"तेच ते," दादा हसून म्हणाले, आणि फरशांच्या भावावर बोलू लागले. कुणाला काही फरक पडला नाही.

 नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. फार उशिरा आलं होतं ते वाक्य, आणि तेवढ्याने सगळं धुऊन निघणार नव्हतं. घराच्या कागदांवर त्याचं नाव घालायचं की नाही हे तिने अजून ठरवलं नव्हतं. पण तिने आपली खुर्ची जराशी सरकवली आणि त्याला हात ठेवायला टेबलावर जागा करून दिली.