चारही गिअर मागे

आईची अट: बाराच्या आत गाडी शेडबाहेर निघाली नाही, तर भंगारात.

सकाळी सात. बाबांनी आणि मी घरी बांधलेल्या नकली स्पोर्ट्स कारचं मागची चाकं फिरवणारं डिफरन्शियल कण्हत होतं. बदली म्हणून एका व्हॅनचं आणलेलं होतं, दणकट, पण जड. आम्ही जुनंच निवडलं, उघडलं, बेअरिंग बदलली, परत बसवलं.

पावणेबारा.

"रिव्हर्स टाका, बाबा."

गाडी पुढे गेली आणि भिंतीला टेकली.

म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक आम्ही उलट्या बाजूला बसवलं होतं.

"दोघांनी मिळून माती खाल्ली," बाबा म्हणाले.

"आता पहिला टाका!"

गाडी डौलात मागे सरकत थेट उन्हात आली.

आईने घड्याळ पाहिलं. "निघाली खरी. सरका, मला बसू द्या."