चार दिवस सुईविना

जव्हारच्या बाजारात गोवर्धनशेठचं कापडाचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह जडला आणि त्यांची बायको वनमाला हिच्या जिवाचं स्वास्थ्य गेलं. मुंबईहून इन्शुलिनची बाटली यायची. सुई उकळायची कशी, टोचायची कुठे, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं. लघवीचे थेंब काचेच्या नळीत निळ्या औषधात उकळून रंग बघायचा, तोही तीच बघायची. विटकरी रंग म्हणजे साखर फार; तो आला की तिला दिवसभर घास उतरत नसे.

मग निवृत्त येसू मास्तर शेठना पहाटे आसनं शिकवू लागले. डॉक्टर म्हणाले, "करू द्या, फायदाच होईल." झालाही. तीन महिन्यांत नळीत विटकरीच्या जागी हिरवट रंग दिसू लागला आणि डॉक्टरांनी इन्शुलिन थोडं कमी केलं. शेठ खुशीत म्हणाले, "आता टोचायचं आणि तपासायचं माझं मी बघतो." नाइलाजानं एका रविवारी तिनं सगळं सामान त्यांच्या हवाली केलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांतच ते सारखं पाणी पिऊ लागले. "उकाडा आहे," म्हणाले आणि लग्नाचं कापड दाखवायला साखरशेत गावी रुपीच्या घरी गेले. वनमाला दुकानात बसली, उठली, घरात आली, पुन्हा बाहेर गेली. शेवटी तिनं फडताळ उघडलं. बाटली रविवारी होती तेवढीच भरलेली होती. आज गुरुवार होता.

तिनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली, सुई घेतली आणि दुकानातल्या गड्याला, लक्ष्याला, गाडी जुंपायला लावली.

"जरा हाक रे."

"उतार हाय बाय. बैल पडतील."

तिला बसवेना. ती खाली उतरून गाडीच्या पुढे चालू लागली.

साखरशेतला रुपीच्या ओटीवर शेठ आडवे पडले होते. "दोनदा ओकलं," रुपी म्हणाली. ते खोल, धापा टाकल्यासारखा श्वास घेत होते आणि श्वासाला पिकून नासलेल्या फळाचा वास होता. वनमालानं बाटलीतलं औषध ओढून सुई टोचली. लक्ष्यानं त्यांना उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते नीट बोलू लागले. येसू मास्तर उशाशी बसले होते.

"शेठ, सुई सोडा असं मी कधी म्हणालो?"

"नाही म्हणालात."

"मग?"

"सुई टोचली की मी रोज आजारी माणूस असतो. आसनं करताना नसतो. वाटलं, तेवढ्यावरच भागेल."

दारात उभ्या वनमालानं हे ऐकलं. रागानं काय काय बोलायचं ठरवून आली होती, ते सोडून ती आत आली.

"आसनं करा," ती म्हणाली. "मी मोडता घालणार नाही. पण सुई मीच टोचणार."

"बरं," शेठ म्हणाले.

महिन्याभरानं डॉक्टरांनी पुन्हा आसनं करायची परवानगी दिली. आधी नळी, मग सुई, मग न्याहारी आणि पोट हलकं झाल्यावर आसनं, असा क्रम ठरला. येसू मास्तर आता नव्या माणसाला आधी औषधाचं विचारत. वनमालाही सतरंजी टाकून शेजारी बसू लागली. बाकीचं तिला जमलं, पण शवासन काही केल्या जमेना. डोळे मिटून पडलं, की तिचा कान शेठच्या श्वासाकडे लागे.